पेसान्त्रेनमधल्या मुलींचं स्वनियमन मोजायचं कसं?

रानजाई:
मंडळी, अडकले आहे. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या एका पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे निवासी इस्लामी शाळेत, मुलींकडून स्वनियमनाची, म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला स्वतः वळण लावण्याची, प्रश्नावली भरून घेतली. आधार १९९१ च्या एमएसएलक्यूचा, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रेरणा आणि अभ्यासाच्या पद्धती मोजणाऱ्या प्रश्नावलीचा. तिच्या ८१ विधानांपैकी अभ्यासाचा वेळ आणि जागा यांबद्दलची ८ घेतली, गुण १ ते ७. 'अभ्यासासाठी माझी ठरलेली जागा असते' याला जवळपास सगळ्यांनी ७ दिले. असतेच ना! जागा शाळेने ठरवलेली, रात्रीच्या अभ्यासाला समोर उस्ताजा (शिक्षिका) बसलेल्या. उत्तरांत फरकच नाही, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) कोसळला. गाइड म्हणतात, विधान काढून टाका. पण या मुली स्वतःला कशा सावरतात ते मी पाहिलंय. ते आकड्यांत कसं आणू?

पहाटवारा:
ते विधान मुलीला नाही, शाळेच्या घंटेला मोजतंय. घंटा जिथे पोचत नाही तिथलं विचारा. हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ, करणाऱ्या मुलींना नवा पाठ उस्ताजांपुढे म्हणून दाखवावाच लागतो. जुन्याची उजळणी, मुराजाआ, मात्र बरीचशी स्वतःवर असते. कुठला भाग कच्चा राहिलाय हे ती कसं ओळखते? वेळ कुठून काढते? अडखळल्यावर पद्धत बदलते का? मानसशास्त्रज्ञ झिमरमन यांनी सांगितलेले स्वनियमनाचे तिन्ही टप्पे (पूर्वतयारी, कृती, आत्मपरीक्षण) तिथे सापडतील. सुट्टीत घरी गेल्यावर काय होतं, तेही विचारा.

अबोली:
घंटेवर उठणं म्हणजे स्वनियमन नव्हेच, असं धरू नका. शिक्षेच्या भीतीने उठणं, लाजेने उठणं आणि मनापासून मोलाचं वाटतं म्हणून उठणं: कृती एकच. प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्या डेसी आणि रायन यांनी हाच फरक मांडलाय, तेव्हा कारण विचारा. मी स्वतः निवासी मदरशात सहा वर्षं होते. पहिल्या वर्षी घंटा उठवायची, चौथ्या वर्षी तिच्याआधी जाग यायची. झोपताना मुहासबा करायचे, दिवसभराचा स्वतःशी हिशेब. तो कुठल्याच प्रश्नावलीत मला भेटला नाही. आणि प्रश्नावली भरताना उस्ताजा खोलीत नकोत, सगळ्या ७ च लिहितील.

रानजाई:
उस्ताजा खोलीतच होत्या. वाचून पोटात खड्डा पडला. पहाटवारा, तुमच्यामुळे एक मुलगी आठवली. पाठ म्हणताना जिथे अडखळेल त्या पानाच्या आकड्यापुढे ती वहीत टिंब द्यायची. तीन टिंबं झाली की ते पान शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. मी ते 'इतर नोंदी'त टाकून दिलं होतं! आता विधानं तिथूनच लिहिते. आधी आठ-दहा जणींना मोठ्याने वाचायला सांगेन, काय समजलं ते ऐकेन, मग बाकीच्यांना देईन. अबोली, मुहासबाबद्दल तुम्हाला वेगळं लिहू का?