२० मिलिग्रॅम निवोलुमॅब: एवढ्याशा डोसने काम होतं कसं?

फार्माफाटा:
पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबमध्ये टाटा मेमोरियलचा पेपर मांडायचाय. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा, 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आलेला. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये, बरं करण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांमध्ये तोंडी ट्रिपल मेट्रोनॉमिक केमो (तीन औषधांच्या गोळ्या, लहान डोसमध्ये सतत) एका बाजूला, आणि तीच केमो अधिक दर ३ आठवड्यांनी निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं, शिरेतून द्यायचं औषध) २० मिग्रॅ दुसऱ्या बाजूला. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, मध्यक आयुष्य ६.७ वरून १०.१ महिने.

नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिग्रॅ. म्हणजे ६ आठवड्यांत ७२० मिग्रॅ, आणि इथे फक्त ४०. अठरा पट कमी!

(१) एवढ्या कमी डोसमागे औषधशास्त्राचा आधार काय? (२) 'कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला' असं या पेपरवरून म्हणता येईल का? (३) वॉर्डात हे प्रत्यक्ष देताना काय चुकतं? डे-केअरवाले लोक विचारणारच.

रिसेप्टरवाला:
पहिल्या प्रश्नापुरतं.

केमोचं गणित इथे लावू नका. केमोत डोस वाढवला की पेशी जास्त मरतात आणि विषारीपणाही वाढतो, म्हणून सहन होईल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायची पद्धत पडली. निवोलुमॅब कॅन्सरच्या पेशीला हातच लावत नाही. ती एक अँटिबॉडी आहे: प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, त्याला जाऊन चिकटते, ब्रेक सुटतो, पुढचं काम टी-पेशी करते. खुर्च्या एकदा भरल्या की बाहेर उभ्या असलेल्या गर्दीचा उपयोग नाही.

सुरुवातीच्या चाचण्यांत ०.१ ते १० मिग्रॅ प्रति किलो अशी शंभर पट रुंद पट्टी तपासली गेली. सहनशक्तीची वरची मर्यादा सापडलीच नाही, आणि रक्तातल्या टी-पेशींवरची पीडी-१ व्याप्ती (म्हणजे किती खुर्च्या भरल्या ते) तळाच्या डोसलाही वरच्या डोसच्या आसपासच होती. ५५ किलोच्या माणसाला २० मिग्रॅ म्हणजे साधारण ०.३६ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे याच पट्टीत. अर्धायुष्य २५ दिवसांच्या घरात, त्यामुळे ३ आठवड्यांचं अंतरही चालून जातं.

आता याची दुसरी बाजूही स्लाइडवर घ्या. व्याप्ती मोजली ती रक्तात, गाठीच्या आत नाही. शिवाय वजन झपाट्याने उतरलेल्या, अल्ब्युमिन खाली गेलेल्या रुग्णात अँटिबॉडी शरीरातून लवकर निघून जाते, आणि तोंडाच्या कॅन्सरचे आपले बरेच रुग्ण जेवणाच्या नळीवर असतात. किडनीच्या कॅन्सरमधली २०१५ची डोस-तुलना आवर्जून दाखवा: १६८ रुग्ण, ०.३, २ आणि १० मिग्रॅ प्रति किलो. गाठ आकसण्याचं प्रमाण २०, २२, २० टक्के, म्हणजे सारखंच. पण मध्यक आयुष्य १८.२, २५.५ आणि २४.७ महिने. तळाचा डोस अगदी निर्धोक म्हणावा असं हे चित्र नाही.

आकडेमोड्या:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही म्हणता येत.

चाचणी होती 'केमो विरुद्ध केमो अधिक कमी डोस' अशी. पूर्ण डोसचा गट त्यात नव्हताच. मृत्यूच्या जोखमीचं गुणोत्तर (हॅझार्ड रेशो) ०.५४५ आलं (विश्वासार्हता मर्यादा ०.३६२ ते ०.८२०), म्हणजे निवोलुमॅब अजिबात न देण्यापेक्षा २० मिग्रॅ बरं, हे ठामपणे सिद्ध झालं. 'पूर्ण डोसपेक्षा कमी पडत नाही' हे दाखवायला वेगळ्या रचनेची आणि कितीतरी मोठी चाचणी लागते.

एक मोह मात्र टाळा. डोकं-मानेच्या कॅन्सरमधल्या निवोलुमॅबच्या २०१६च्या चेकमेट-१४१ चाचणीत पूर्ण डोसवर एक वर्ष जगणारे ३६ टक्के होते, इथे ४३.४, म्हणून 'टाटाचा डोस सरस' असं कुणीतरी हमखास म्हणतं. तिथले रुग्ण प्लॅटिनमची केमो (सिस्प्लॅटिनसारखी) घेऊनही ६ महिन्यांत आजार बळावलेले होते, आणि निवोलुमॅब एकटं दिलं होतं. इथे सोबत तीन तोंडी औषधं आहेत. दोन पेपरांतले आकडे शेजारी मांडून तुलना होत नसते.

तरीही माझ्या मते प्रश्न अचूक निवडलेला होता. ज्याला पूर्ण डोस परवडत नाही त्याच्यापुढे पूर्ण आणि कमी असे दोन पर्याय नसतातच. नियंत्रण गटावर (नुसती केमो घेणाऱ्या) 'प्रमाणित उपचार का दिले नाहीत' असा आक्षेप येईल, तेव्हा हेच सांगा. याच गटाची आधीची चाचणी (लॅन्सेट ग्लोबल हेल्थ, २०२०, ४२२ रुग्ण) तोंडी मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिब विरुद्ध सिस्प्लॅटिन अशी होती: ७.५ महिने विरुद्ध ६.१. म्हणजे तोंडी केमो हा काही पाडायला सोपा म्हणून उभा केलेला बाहुला नव्हता.

दोन_मिली:
तिसरा प्रश्न माझा. बहुतेक गोंधळ सलाईनच्या नळीत होतो.

वायलमध्ये १ मिलीत १० मिग्रॅ असतं. म्हणजे २० मिग्रॅ = २ मिली. सवयीने सिस्टर हे २ मिली १०० मिलीच्या पिशवीत टाकतात. झालं, तीव्रता ०.२ मिग्रॅ प्रति मिली. लेबलवर तयार द्रावणाची तीव्रता १ ते १० मिग्रॅ प्रति मिली सांगितली आहे. द्रावण फार पातळ झालं की प्रोटीन पिशवीच्या आणि नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून २ मिली औषध अधिक १८ मिली नॉर्मल सलाईन, एकूण २० मिली.

आता खरी मेख. साध्या आयव्ही सेटच्या नळीतच १५-२० मिली मावतं. २० मिलीची पिशवी रिकामी झाली म्हणून सेट काढला, तर बराचसा डोस नळीसकट कचऱ्यात. २४० मिग्रॅला ही गळती खपून जाते, २० ला नाही. त्यामुळे सिरिंज पंप, बारीक एक्स्टेंशन लाइन, मध्ये ०.२ ते १.२ मायक्रॉनचा, प्रोटीन न धरणारा फिल्टर. ३० मिनिटांत द्यायचं म्हणजे पंपावर ताशी ४० मिली. औषध संपलं की त्याच वेगाने सलाईनने लाइन धुवायची, एकदम ढकलायची नाही. वायल हलवून फेस आणू नका, नुसती अलगद फिरवा. त्याच लाइनमधून दुसरं काही सोडू नका.

फार्माफाटा:
बाप रे, नळीचं लक्षातच आलं नव्हतं. मग ४० मिग्रॅची वायल दोघांत वाटायची ना? दुसरा रुग्ण आलाच नाही तर?

दोन_मिली:
वायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, टोचलेली वायल फ्रिजमध्ये 'उद्यासाठी' ठेवायची नाही. दोघांची तारीख एकच लावा, दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आदल्या दिवशी हातात घ्या, दोघं खुर्चीवर बसल्याशिवाय सील तोडू नका. दोन्ही सिरिंज एकाच वेळी, स्वच्छ कॅबिनेटमध्ये भरायच्या. तयार द्रावण खोलीच्या तापमानाला ८ तासांपर्यंत चालतं, त्यात देण्याचा वेळही धरलेला आहे.

ओपीडी_क्र_९:
निवोलुमॅबवर सगळे बोलले, पण घात होतो तो गोळ्यांत. ट्रिपल केमोचं वेळापत्रक असं: मेथोट्रेक्सेट ९ मिग्रॅ प्रति चौरस मीटर आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब १५० मिग्रॅ रोज एकदा.

मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी तळाला जातात, जीवही जातो. शरीर १.५ चौरस मीटरचं असेल तर हिशोब १३.५ मिग्रॅ येतो, २.५ च्या पाच किंवा सहा गोळ्या. चिठ्ठीवर 'दर सोमवारी' असा वार मराठीत लिहा आणि एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या द्या. खोकल्या-तापाला गल्लीतल्या दवाखान्यातून को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक मिळतं. ते मेथोट्रेक्सेटबरोबर अजिबात नको, दोघांचा मारा फोलेटवरच.

सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आहे म्हणून हात आपोआप पॅन्टोप्राझोलकडे, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळीकडे जातो. एर्लोटिनिबला विरघळायला आम्ल लागतं. त्याच जातीच्या ओमेप्राझोलबरोबर रक्तातली त्याची मात्रा जवळपास निम्मी झालेली आहे. गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तासांनी. बिडी ओढणाऱ्यातही एर्लोटिनिब झपाट्याने संपतं. तो परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही, त्यामुळे तंबाखू-चुना मळणाऱ्याला हा हिशोब लागू नाही (म्हणून मळायला परवानगी असं नाही).

जुलाबांकडे नीट बघा. एर्लोटिनिबचे जुलाब सहसा पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतात आणि गोळी थांबवून लोपेरामाइड (जुलाब रोखणारं औषध) दिलं की आवरतात. दीड-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाले, रात्री उठवतात, आव-रक्त पडतं, तर तो इम्युनोथेरपीचा आतड्याचा दाह धरून चालायचं. तिथे लोपेरामाइड देत बसणं म्हणजे वेळ घालवणं. जंतुसंसर्ग तपासून प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) १ मिग्रॅ प्रति किलो, तीव्र असेल तर २ पर्यंत, आणि उतरवताना ४ ते ६ आठवडे. आठवड्यात आटोपलं की हमखास उलटतं.

नवीन कोरडा खोकला आणि धाप लागली तर संशयित चार: निवोलुमॅब, मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब आणि आपला क्षयरोग. सगळं थांबवून सीटी करा, थुंकी पाठवा, मग स्टिरॉइड.

रिसेप्टरवाला:
यात एक भर. 'डोस कमी म्हणून साइड इफेक्टही कमी' हे गृहीत धरू नका. पीडी-१च्या औषधांत दुष्परिणाम डोसच्या प्रमाणात वाढत-घटत नाहीत. पेपरमध्ये तिसऱ्या श्रेणीचे आणि त्यापुढचे (म्हणजे गंभीर) त्रास केमो गटात ५० टक्के, निवोलुमॅब गटात ४६.१. भर पडली नाही हे खरं, पण टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हर, क्रिएटिनिन आणि साखर पूर्ण डोसला जशी बघतो तशीच बघायची. २० मिग्रॅवरही थायरॉइड मंदावू शकतं, आणि 'कॅन्सरचा थकवा' म्हणून ते महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.