सीमाफेरीचे फोटो आणि आजीचं रेकॉर्डिंग कार्डातून पुसलं गेलं, परत मिळेल का?

रानवाट_कोरची

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातली. गावाचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या वनहक्क समितीची मी सचिव आहे. कॉम्प्युटर एमएससीआयटीपुरताच शिकले, तेव्हा एखादा शब्द चुकला तर समजून घ्या.

होळीच्या आधी आम्ही सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्काच्या, दाव्यासाठी गावाची पारंपरिक सीमा चाललो. ११ दिवस लागले. पुढं म्हातारी माणसं, मागं आम्ही सहा पोरी मोबाइल घेऊन. कुठं जुनी दगडांची रास, कुठं दोन नाल्यांचा संगम, कुठं मोहाचं झाड. थांबून फोटो काढायचा, मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवायचं, पुढं निघायचं. आमच्यातल्या एका आजीला तिसऱ्या दिवशी चालवेना. तिला बैलगाडीनं नाल्यापर्यंत नेलं. तिथं बसून तिनं समोरच्या प्रत्येक डोंगराचं, झऱ्याचं आणि पेनठाण्याचं, म्हणजे देवांच्या जागेचं, नाव गोंडीत सांगितलं. दीड तास. मी सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आजी श्रावणात गेली.

दिवाळीनंतर बचत गटाच्या ग्रुपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली. लहान भावानं माझ्या मोबाइलवर ती उघडली. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यातून १४,५०० रुपये गेले. तो घाबरून तालुक्याच्या दुकानात गेला. तिथल्या मुलानं मोबाइल पूर्ण रिसेट केला आणि ‘कार्डातही व्हायरस असेल’ म्हणून कार्डही साफ केलं. ३८० फोटो आणि ते रेकॉर्डिंग त्याच कार्डात होतं. चालण्याचे ट्रॅक फक्त चार दिवसांचे उरलेत, तेही दुसऱ्याच्या लॅपटॉपवर होते म्हणून. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले ६० फोटो आहेत.

पुढच्या महिन्यात संयुक्त पडताळणी आहे, म्हणजे अधिकारी आणि आम्ही मिळून जागेवर सीमा बघणार, आणि एका नाल्यापाशी सीमा अलीकडं आहे असा आक्षेप आलाय. माझे तीन प्रश्न. कार्डातलं परत मिळेल का? व्हॉट्सॲपवरचे फोटो पुरावा म्हणून चालतील का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून आम्ही सहा जणींनी काय शिकावं, कुठं शिकावं?

रेकॉर्डिंग नाही मिळालं तरी नकाशा पुन्हा चालून करता येईल. पण ती नावं सांगणारं आता दुसरं कुणी नाही.

सातारकर_नेटवर्क

ताई, आधी पैशांचं. तक्रार केली नसेल तर आज, आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आपल्या चुकीनं पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, म्हणून कळवल्याची वेळ कागदावर पाहिजे.

ती लग्नपत्रिका म्हणजे एपीके फाइल, म्हणजे एक ॲपच. उघडून परवानगी दिली की ते तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपी चोराकडं जातो. ग्रुपवरचा तो मेसेज पुसायला सांगू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या: कोणत्या नंबरवरून आला, किती वाजता आला. मग ग्रुपमध्ये आवाजी मेसेज टाकून सांगा की ती फाइल कुणी उघडू नका. लिहिलेलं सगळ्या बाया वाचत नाहीत. आणि व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तिथं अनोळखी काही दिसलं तर काढून टाका, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

कार्डाबद्दल मला फारसं कळत नाही, त्यातला माणूस बोलेल.

सीताबर्डी_फॉरेन्सिक

मी नागपूरला डिजिटल फॉरेन्सिकचं काम करतो, कॉलेजच्या मुलांना शिकवतोही. ताई, पहिली गोष्ट: ते कार्ड मोबाइलमधून काढा आणि कागदी पाकिटात घालून ठेवा. त्यात एकही नवा फोटो काढू नका. उघडून ‘बघू काय उरलंय’ असंही करू नका.

पुसलं म्हणजे नेमकं काय झालं ते सांगतो. फाइल पुसली किंवा साधं फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा फक्त यादी जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं. पानं जागेवरच असतात, पण ती जागा आता रिकामी समजली जाते आणि नवीन काही आलं की त्यावरच लिहिलं जातं. म्हणून कार्ड वापरायचं नाही. काही मोबाइल मात्र फॉरमॅट करताना कार्डाला जागा खरोखर मोकळी करायला सांगतात, तिथं हाती काही लागत नाही. तुमच्या दुकानातल्या मुलानं कसं साफ केलं, ते त्याला शांतपणे विचारून घ्या. रागवू नका, नाहीतर तो खरं सांगणार नाही.

दुसरं, ते कार्ड मोबाइलनं ‘पोर्टेबल’ म्हणून घेतलं होतं की ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून? इंटर्नल केलं असेल तर त्यातलं सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली मोबाइलमध्ये असते. रिसेटबरोबर ती किल्ली गेली. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. मोबाइलच्या स्वतःच्या मेमरीचंही तेच, तिथला नाद सोडा.

पोर्टेबल असेल तर आशा आहे. काम असं चालतं. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसह प्रत्येक बिट उतरवायचा. ३२ जीबीचं कार्ड असेल तर ३२ जीबीचीच फाइल होते, तेवढी जागा डिस्कवर हवी. लिनक्सवर गायमेजर, विंडोजवर एफटीके इमेजर, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. कार्ड अडॅप्टरला जी बारीक खिट्टी असते तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती मानायची की नाही हे रीडर ठरवतो. राइट ब्लॉकर, म्हणजे कार्डावर काही लिहू न देणारं यंत्र, वापरणारा माणूस गाठा.

मग मूळ कार्डाला हात लावायचा नाही. सगळी शोधाशोध त्या प्रतिमेवर. फोटोरेक नावाचं साधन फाइलचं नाव बघत नाही, फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून तुकडे उचलतं. म्हणून फोटो सापडले तरी त्यांची नावं विचित्र आकड्यांची येतात. घाबरू नका, फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि जीपीएसचे आकडे असतात. एक्झिफटूल नावाच्या साधनानं तारखेवार लावता येतात. ऑटॉप्सी हे सॉफ्टवेअर वापरलं तर हेच खिडक्यांमध्ये, नीट नोंदींसकट दिसतं.

रेकॉर्डिंगबद्दल खोटी आशा देणार नाही. मोबाइलचं रेकॉर्डिंग बहुधा एम४ए प्रकारच्या फाइलमध्ये असतं आणि त्याची अनुक्रमणिका अनेकदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. दीड तासाची फाइल कार्डात सलग पडली असेल तर मिळेल. तुकड्यातुकड्यांत पडली असेल तर कदाचित सुरुवात मिळेल आणि शेवट नाही. पण प्रयत्न करायचा.

आता पुरावा. प्रतिमा घेतल्या घेतल्या तिचा हॅश काढायचा, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच, एसएचए-२५६ पद्धतीनं. तो ६४ अक्षरांचा येतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो सगळा बदलतो. तो वहीत हातानं लिहून तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक ज्याचं यंत्र होतं त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. हॅश त्यातच लिहावा लागतो. आधी हेच जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५ ब होतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात हे प्रमाणपत्र का लागतं ते पक्कं केलं. खटला आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून. मूळ यंत्र न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात आहे. म्हणून ते कार्ड फेकू नका, काही सापडलं नाही तरी.

नागपूरला येणं जमत असेल तर इथल्या निरोप पेटीत लिहा. पैसे लागणार नाहीत.

रानवाट_कोरची

१९३० वर नोंद झाली, बँकेची पोचही मिळाली. दुकानात जाऊन आले. त्यानं कार्डातल्या फोल्डरवर बोट दाबून ‘डिलीट’ केलं होतं, फॉरमॅट नाही. कार्ड पोर्टेबलच होतं, कारण ते मी बहिणीच्या मोबाइलमध्ये घालून बघायचे. त्यानंतर त्यात भावानं दोन गाणी टाकली. कार्ड आता तांदळाच्या डब्यावर पाकिटात ठेवलंय. सर, मी मंगळवारी येते.

नकाशावाली_पुणे

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. मी दहा वर्षं गावांबरोबर नकाशे करते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पोटातले जीपीएसचे आकडे निघून जातात. ते ६० फोटो डोळ्यांना दिसतील, पण कुठं काढले ते सांगणार नाहीत. यापुढं फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसाच्या तसा जातो. मात्र त्या ६० फोटोंच्या मेसेजवर वेळ असते आणि तुमच्याकडं चार दिवसांचे ट्रॅक आहेत. ट्रॅकमध्ये प्रत्येक बिंदूला वेळ असते. दोन्ही जुळवून बघा, पाठवण्यात उशीर झाला असेल तर तेवढं धरून. निम्मे तरी जागेवर बसतील.

नाल्याच्या आक्षेपाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दाट रानात मोबाइलचा जीपीएस ५-१० मीटर सहज चुकतो, डोंगराच्या कुशीत त्याहून जास्त. म्हणून भांडणाच्या जागी चालता चालता बिंदू घेऊ नका. तिथं मोबाइल उंचावर ठेवून पाच मिनिटं थांबा, सरासरी काढणारं ॲप वापरा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. दोन्ही दिवसांचे आकडे लिहून ठेवा, जुळले नाहीत तरी लिहा. खोडलेला आकडा दिसला की समोरचा माणूस सगळ्या वहीवर शंका घेतो.

क्षेत्रफळ काढताना एक चूक फार जण करतात. जीपीएसचे आकडे अंशांत असतात, ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच सपाट धरून मोजले की हेक्टर चुकतात. तुमचा भाग यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या, ४४ उत्तर पट्ट्यात येतो, आधी त्यात बदलून घ्या. माझ्या नाशिककडच्या मैत्रिणीनं तुम्हाला स्वतःची फाइल दिली तर ती ४३ मधली असेल, ती तशीच वापरू नका.

साधनांमध्ये मी तुम्हाला कोमॅपिओ हे नकाशाचं ॲप सुचवीन. रानात रेंज नसताना चालतं, आणि दोघींचे मोबाइल एकाच वायफायवर आले की माहिती एकमेकींत उतरते. सहाही जणींकडं सगळं राहतं. एकीचा मोबाइल गेला तर पाच उरतात. रस्ते, विहिरी, शाळा ओपनस्ट्रीटमॅपवर जरूर टाका, गावाच्या कामाला येतात. पण पेनठाणं, औषधी वनस्पतींच्या जागा, मधाची झाडं तिथं टाकू नका. तो नकाशा जगाला उघडा असतो आणि एकदा बाहेर गेलेली जागा परत आत घेता येत नाही. काय दाखवायचं हे ग्रामसभेत ठरवा, ठराव लिहा.

शिकण्यासाठी: डेहराडूनच्या आयआयआरएस या उपग्रह-नकाशे शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट असतात, पण इंग्रजी आहे. मी स्वतः मार्चमध्ये तुमच्या जिल्ह्यातल्या वडशाला येणार आहे. तीन दिवस देते. पहिला दिवस कॉम्प्युटर उघडायचाच नाही, जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढायचा, म्हाताऱ्यांसमोर.

धानोरा_काका

पोरी, तुझं वाचलं. माझं वय ७१. आमचा तालुका मेंढा (लेखा) गावाचा. त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा असे मोबाइल कुणाकडं नव्हते.

मी तंत्राचं बोलत नाही, कायद्याचं बोलतो. वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १३ काढून वाच. दाव्याला त्यातले किमान दोन पुरावे लागतात. निस्तार पत्रक आहे का तुमच्याकडं? नसेल तर भूमी अभिलेखात नक्कल माग. त्यात गावाचे जुने हक्क लिहिलेले असतात. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही त्याच नियमातला पुरावा आहे. म्हणजे म्हाताऱ्यांनी सांगितलेलं कागदावर उतरलं की त्याला किंमत आहे. आणि २०१२ च्या सुधारणेत लिहिलंय की उपग्रहाचं चित्र वगैरे बाकी पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. कुणी म्हणालं ‘फोटो नाहीत तर दावा नाही’, तर त्याला हे दाखव.

तुझी आजी गेली. पण तिच्याबरोबर गाडीत कोण होतं? गाडी कुणी हाकली? नाल्याशी अजून कोण बसलं होतं? त्यांना या आठवड्यात एकत्र बसव. एकाला आठवलं की दुसऱ्याला आठवतं. गोंडीतली नावं गोंडीतच लिही, मराठी करू नको. आमच्याकडं एका डोंगराचं नाव कागदावर मराठी झालं आणि पडताळणीच्या दिवशी कुणाला तो डोंगरच सापडेना.

नाल्यापलीकडच्या गावाच्या म्हाताऱ्यांनाही बोलाव. त्यांच्याशी आधी जेवण, मग सीमा.

रानवाट_कोरची

आज १९ तारीख. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

नागपूरच्या सरांनी माझ्यासमोर प्रतिमा घेतली, हॅश मी माझ्या हातानं वहीत लिहिला, ६४ अक्षरं, दोनदा तपासून. ३८० पैकी ३११ फोटो मिळाले. नाल्याजवळचे सगळे आहेत.

रेकॉर्डिंग ४१ मिनिटं मिळालं. त्यापुढं नुसती खरखर आहे, बहुतेक तिथंच ती दोन गाणी पडली. भावाला मी काही बोलले नाही, तो स्वतःच रात्री बाहेर जाऊन बसला.

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. गाडी हाकणारा मामा, आजीची सून आणि आम्ही दोघी अशा चौघांनी आधी ४१ मिनिटं ऐकलं. आवाज तुटला तिथं सून थांबली नाही, ती पुढची नावं बोलत गेली. तिला रोज जळणाला जाताना आजी सांगायची म्हणे, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. २३ नावं लिहिली, सात ठिकाणी मामाचं आणि तिचं पटत नाही. दोन्ही नावं लिहिलीत. रविवारी त्या सात जागी चालत जाणार आहोत, नाल्यापलीकडची दोन म्हातारी माणसंही येतायत.

ताई, वडशाची तारीख कळवा. आम्ही सहा नाही, सात जणी येऊ. आजीची सूनही येतेय.