'कॅरेक्टर'ला काय म्हणावं? ('पात्र' चालत नाहीये)

वीसतोंडी
दिवाळीच्या सुट्टीत भाचीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना डन्जन्स अँड ड्रॅगन्स शिकवायचं कबूल करून बसलोय. चौघी मराठी माध्यमाच्या, सहावी-सातवीतल्या. इंग्रजी वाचता येतं, पण इंग्रजीत भांडता येत नाही, आणि या खेळात अर्धा वेळ भांडणातच जातो. म्हणून एका पानाचा मराठी तक्ता करायला घेतला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक माणूस (किंवा एल्फ, किंवा जे काही) होतात आणि तो काय करतो ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सुरुवातीला आपला माणूस 'बनवावा' लागतो. त्याचे सहा गुण असतात. प्रत्येक गुणासाठी चार साधे फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज मांडायची.

ताकद, चपळाई, बुद्धी लगेच जमले. कॉन्स्टिट्यूशनला संगणकाने 'राज्यघटना' सुचवलं, तिथे मी 'काटकपणा' लिहिलं. पण गाडी अडली ती शीर्षकावरच. मी लिहिलं होतं 'तुमचे पात्र'. भाची म्हणाली, "मामा, आम्ही पात्र की अपात्र ते कोण ठरवणार?" घरात नुकताच एका सरकारी योजनेचा अर्ज भरून झाला होता. दुसरीला पंचपात्री आठवली. मग 'व्यक्तिरेखा' केलं, तर चौघींची तोंडं एकदम परीक्षेला बसल्यासारखी झाली.

तर कॅरेक्टरला काय म्हणू? 'कॅरेक्टर'च ठेवा असं सांगू नका, तिची आजी शेजारीच बसलेली असते आणि तिच्या तोंडी 'त्याचं कॅरेक्टर बरं नाही' याचा अर्थ वेगळा आहे.

शुद्धमती
'पात्र' हाच योग्य शब्द आहे. संस्कृत नाटकांपासून चालत आलेला आहे. 'पा' म्हणजे पिणे, ज्यातून प्यायचं ते पात्र, आणि नाटकात कवीचा रस ज्यात भरला जातो तेही पात्र. इतका अर्थपूर्ण शब्द मुलांना अर्जामुळे हसू येतं म्हणून टाकायचा? मुलांना हसू द्या. दोन दिवसांनी थांबतील.

तळकोकणी
आमच्या आजयेक 'तुझा पात्र खंय?' इचारलात तर ती भांडी घासूक बसतली.

आता गंभीरपणे. तुम्ही जो खेळ सांगताय तो आम्ही जत्रेत रात्रभर बघत आलोय. दशावतारात छापील संवाद नसतात. संध्याकाळी कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण स्त्रीपार्ट ते ठरतं, आणि मग राजाने काय बोलायचं ते राजाच रंगमंचावर ठरवतो. समोरच्याने अडचणीचा प्रश्न टाकला तर उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. आणि त्याला आम्ही म्हणतो सोंग. शिमग्यातही सोंगंच आणतात. कुणी 'पात्र आणलं' म्हणत नाही. तुमच्या पोरींना विचारा, 'तू कसलं सोंग घेणार?' बघा लगेच कळतं का.

माई नाशिककर
सोंग? अहो, आमच्या सासूबाईंनी मला चाळीस वर्षं 'सोंगं पुरेत' एवढंच ऐकवलं. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्या शब्दात खोटेपणा आधी येतो. मुलीला 'छान सोंग केलंस' म्हटलं तर ती रडेल.

डोंगरवाट
माई, ते घाटावर. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा बघा. तिथे मुखवटा घालून नाचतात त्याला सोंगच म्हणतात, आणि देवाचं सोंग निघालं की लोक हात जोडतात. खोटेपणाचा प्रश्नच येत नाही. शब्द तोच, फक्त तुमच्या सासूबाई तिकडच्या नव्हत्या.

माई नाशिककर
सासूबाई पेठच्या होत्या. तिकडेही सोंगं नाचतातच की. बाहेर हात जोडायचे आणि घरात मला ऐकवायचं, दोन्ही त्यांना एकाच दिवशी जमायचं.

मिनेसोटाकर
मी इथेच जुळ्या शहरांत राहतो, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल, जिथे या खेळाचं अर्धं बारसं झालं, म्हणून राहवत नाही. आधी हे लोक टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचे. एक खेळाडू म्हणजे एक अख्खी फौज. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि प्रत्येकाला फौजेऐवजी एकेक माणूस दिला. सगळा गोंधळ झाला, वेस्लींना वाटलं खेळ फसला, पण लोकांना भारी आवडलं. त्यातले एक डेव्ह आर्नेसन. त्यांनी १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं. पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावावर १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला.

मुद्दा असा की मुळात ते 'पात्र' नव्हतंच, फौजेतला एक गडी होता. नाटकाशी संबंध नंतर लागला. म्हणून माझं मत गडी. बाईमाणसाला अडचण येईल हे मान्य.

भोचक
'गडी'वर भाचीची आजी काय म्हणेल? 'आमच्याकडे कामाला गडी आहे.'

अक्षरवेडा
मिनेसोटाकरांनी शिशाचे सैनिक म्हटलं आणि ट्यूब पेटली. सारीपाटात जे हलवतो ते काय? सोंगटी! म्हणजे छोटं सोंग! तळकोकणी आणि मिनेसोटाकर दोघांचंही बरोबर. पटावर सोंगटी, तोंडात सोंग. मराठीने हा खेळ आधीच ओळखला होता.

डोंगरवाट
ऐकायला फार गोड. पण सोंग हे स्वांगवरून आलेलं, आणि आमच्याकडे म्हातारी माणसं 'सोंकटी' म्हणतात. त्यात सोंग कुठे उरलं? दोन शब्द सारखे दिसले की सोयरीक जुळवायची हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

अक्षरवेडा
'सोंकटी' हाच अपभ्रंश असेल तर?

डोंगरवाट
असेलही. 'तर' वर किती ओझं टाकायचं ते तुम्ही ठरवा.

वीसतोंडी
मंडळी, धन्यवाद. सोंगटी मनात ठेवतोय. एक उपप्रश्न: महिनोनमहिने चालणाऱ्या सलग गोष्टीला ते कॅम्पेन म्हणतात. मी 'मोहीम' लिहिलंय. चालेल?

शुद्धमती
मोहीम अरबी 'मुहिम्म'वरून. 'अभियान' लिहा.

भोचक
स्वच्छता अभियान, पल्स पोलिओ अभियान, ड्रॅगन निर्मूलन अभियान. दो बूंद ड्रॅगन के.

मिनेसोटाकर
कॅम्पेन हा शब्दही त्या टेबलावरच्या लढायांतूनच आला. एकच लढाई न खेळता पूर्ण हंगामभराचं युद्ध खेळायचं. मूळ लॅटिन 'कांपुस', म्हणजे मोकळं मैदान. फौजा छावणी सोडून मैदानात उतरायच्या तो काळ. मोहीम अगदी चपखल आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे ती मोहीमच की.

शुद्धमती
चपखल असेल. म्हणून परका शब्द आपला होत नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश कशासाठी केला? सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

डोंगरवाट
मग महाराजांचा 'किल्ला' कुठे टाकता? तोही अरबी. रायगडाला दुर्ग म्हणा, मान्य. पण बालेकिल्ल्याला काय म्हणाल? 'बाला' म्हणजे वरचा, ते फारसी. दोन परके शब्द एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत आणि त्यावर आपण भगवा लावलाय.

आणि आता खरी गंमत ऐका. इंग्रजीतला 'डन्जन' मुळात फ्रेंच 'दोंजाँ', म्हणजे गढीतला सगळ्यात उंच, सगळ्यात भक्कम बुरूज, जिथे धनी राहतो. लॅटिनमध्ये धनी म्हणजे 'दोमिनुस', तिथून. इंग्रजीत तो शब्द घसरत घसरत तळघरात गेला आणि कोठडी झाला. म्हणजे वीसतोंडींनी तक्त्यात 'भुयार' लिहिलं असेल तर आजच्या अर्थाने बरोबर, आणि मुळाच्या हिशेबाने 'बालेकिल्ला' हवं. एकाच शब्दाचा माथा आणि पायथा.

तळकोकणी
मग डन्जन मास्टर म्हणजे किल्लेदार! झालं की काम.

वीसतोंडी
किल्लेदार झकास आहे. मी 'सूत्रधार' लिहिलं होतं, पण भाची म्हणाली, 'म्हणजे ज्याला पोलीस शोधत असतात तो?'

शुद्धमती
हा वर्तमानपत्रांचा दोष आहे, शब्दाचा नाही. संस्कृत नाटकाची सुरुवात करून देणारा तो सूत्रधार. 'मुख्य सूत्रधार फरार' असं लिहून त्याला बदनाम कोणी केलं?

माई नाशिककर
मला एक सांगा, तुमच्या सहा गुणांत बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे आहेत?

वीसतोंडी
हो. इंटेलिजन्स आणि विज्डम. मांत्रिकाला पहिला लागतो, देवाधर्माच्या माणसाला दुसरा. पोरींना फरक सांगताना दमलो.

माई नाशिककर
दमायचं काय त्यात? दुसऱ्याला पोच म्हणतात. आमच्या चाळीत एक गृहस्थ होते, गणितात सुवर्णपदक. मयताला आले आणि दारातच विचारलं, 'जेवणाचं काय केलंय?' बुद्धी अठरा, पोच तीन. तुमच्या फाशांवर सर्वात कमी तीनच पडतात ना?

वीसतोंडी
तीनच. माई, तुम्ही हा खेळ जन्मभर खेळताय असं वाटतंय. 'पोच' लगेच तक्त्यात घातलं.

शुद्धमती
'विवेक' का नाही?

माई नाशिककर
विवेक आमच्या जावयाचं नाव आहे. पोच मात्र नाही.

अक्षरवेडा
करिष्म्याला छाप. 'छाप पडणे' म्हणतोच आपण. आणि हिट पॉइंट्स?

वीसतोंडी
'प्राण' लिहिलं होतं. 'तुझे सात प्राण गेले' असं म्हटल्यावर एकीने विचारलं, पाचच असतात ना?

मिनेसोटाकर
मानलं त्या पोरीला! या हिट पॉइंट्सचं मूळही मजेशीर आहे. आर्नेसन यांनी सांगितलंय की ही कल्पना त्यांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातून उचलली. तोफेचा एक गोळा लागला म्हणून जहाज बुडत नाही, किती गोळे सोसेल त्याचा आकडा असतो. माणसाला तोच आकडा लावला. म्हणजे यात रक्त कमी, सोसणं जास्त. म्हणून तग. 'माझा तग चारवर आलाय.'

डोंगरवाट
तग धरतात, तो मोजत नाहीत. पण ऐकायला बरं वाटतंय, मी विरोध मागे घेतो.

तळकोकणी
फासा टाकून आकडा येतो त्याला काय लिहिलंय? 'रोल' नको. दान. 'वीसचं दान पडलं.' वीस पडलं की 'पोबारा'.

भोचक
पोबारा म्हणजे पळून जाणं ना? राक्षसाला एका घावात मारलं आणि म्हणायचं पोबारा?

तळकोकणी
सारीपाटात पौ बारा हे भारी दान, एक आणि बारा. ते पडलं की सोंगटी सुसाट सुटते, म्हणून पळण्याला पोबारा. मूळ आनंदाचंच आहे.

डोंगरवाट
पौ बारा हे दान आहे हे खरं. पळण्याचं कारण सुसाट सोंगटी की डाव जिंकून उठून जाणारा खेळाडू, यावर आमच्या वडिलांचा आणि काकांचा अबोला झाला होता. मी त्यात पडत नाही.

नवखी
पहिल्यांदाच लिहितेय. खेळणाऱ्यांचे नसतात ते लोक, म्हणजे खानावळवाला, दरवान वगैरे, जे किल्लेदारच बोलतो, त्यांना 'लिंबूटिंबू' म्हटलं तर?

भोचक
लिंबूटिंबू खेळतो, फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. दरवान तर तुम्हाला मारू शकतो. आणि शब्द 'कच्चा लिंबू' आहे.

नवखी
आमच्याकडे लिंबूटिंबूच म्हणायचे.

भोचक
आमच्या गल्लीत लिंबूटिंबू म्हणणाऱ्यालाच कच्चा लिंबू करायचे.

माई नाशिककर
रडीचा डाव खडी. नवखी, तू लिही गं.

वीसतोंडी
काल पहिला डाव झाला. वृत्तान्त देतो.

तक्त्याच्या डोक्यावर मी घाबरत 'तुमचे सोंग' लिहिलं. कोणी हसलं नाही, कारण कोणी वाचलंच नाही. चौघींनी नावाची जागा भरली आणि तिथून पुढे बोलताना फक्त 'मी' आणि 'माझी'. 'माझी चिडलीय.' 'माझीला दार उघडता येतं का?' समोरचीच्या सोंगासाठी 'तुझी'. म्हणजे शब्दाची गरज मला होती, त्यांना नव्हती.

एकीने शाहीर घेतला (बार्डला मी शाहीर केलं, शुद्धमती, तोही अरबीच निघेल, माहितीये). चोराला त्या 'हातसफाईवाली' म्हणतात. लेव्हलला 'पातळी' लिहिलं होतं, त्या 'इयत्ता' म्हणतात, 'दुसरीतली मांत्रिक'. स्वभावाच्या नऊ खणांत 'नियमाने वागणारा दुष्ट' समजावून सांगत होतो, तर भाची म्हणाली, 'कळलं, सोसायटीचे सेक्रेटरी.' पोच हा शब्द मात्र चौघींनाही माहीत होता आणि कमी पोच असलेलीला त्यांनी रात्रभर छळलं. तग चालला नाही. तिथे आपोआप 'जीव' आला. 'किती जीव उरलाय?' 'साडेतीन.' अर्धा कुठून आला विचारू नका.

शुद्धमती
शाहीर अरबी 'शाइर'वरूनच. पण शाहिराला मी हात लावणार नाही. 'माझीला' याबद्दल मात्र तीव्र आक्षेप. 'माझीने', 'माझीला' हे मराठी नाही.

डोंगरवाट
'तिचीने मारलं' आमची आजी सवतीच्या पोरीबद्दल म्हणायची. स्वतःच्या पोरीला 'माझी', दुसरीला 'तिची'. त्यामुळे जपून.

माई नाशिककर
सवतीच्या पोरीला 'तिची' म्हणण्यावरून मला एक जुना शब्द आठवतोय, 'सापत्न'च्या आधी आमच्याकडे काहीतरी वेगळंच म्हणायचे. कोणाला माहीत आहे का?

तळकोकणी
वेगळा धागा काढा माई. पण त्याआधी कोणीतरी सांगा, फासा पलंगाखाली गेला तर ते दान धरायचं की नाही?

भोचक
धरायचं. काढायला जाईल त्याचं.