बारावीला गणित न घेतल्याचा पश्चात्ताप : मदत हवी आहे

नमस्कार. मी यावल तालुक्यातील असून यंदा विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा दिली आहे. घरात कोणीतरी डॉक्टर व्हावे, या वडिलांच्या इच्छेखातर अकरावीत मी गणिताऐवजी भूगोल घेतला. परंतु केळीच्या बागेत ठिबकचा दाब आणि पाण्याचा हिशेब मांडताना मी जितका रमतो, तितका जीवशास्त्राच्या आकृत्यांत कधीच रमलो नाही, हे मला फार उशिरा उमगले. अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे असतात, आणि माझी गणिताची शेवटची वही दहावीची आहे. रोज रात्री ती उघडून बसतो. त्रिकोणमितीची उदाहरणे अजूनही सुटतात, आणि नेमके त्यानेच मन अधिक खिन्न होते. वडिलांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण त्या वेळी होकार मीच दिला होता.

राज्य मंडळातून किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शालेय शिक्षण संस्थेतून गणित हा एकच विषय नंतर देऊन कोणी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे का? त्यासाठी एक वर्ष थांबणे योग्य ठरेल, की जळगावच्या विद्यापीठातून बी.एस्सी. करावे? आणि ही खंत वडिलांना न दुखावता त्यांच्यापुढे कशी मांडावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.