मदत हवी आहे: पराशयावरून व्याधाचं अंतर निम्मंच येतंय

पदवीच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्र आहे. पराशयाच्या (म्हणजे आपलं पॅरॅलॅक्स, पृथ्वीची जागा बदलल्यामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं) एका गणितात कालपासून अडकलोय. तीनदा खोडून पुन्हा केलं, उत्तर तेच.

गणित असं: एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्याधाची जागा मोजली. मागच्या मंद, लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो ०.७६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकलेला दिसला. अंतर काढा. कंसात 'निजगती वजा केली आहे' असंही दिलंय. ते काही कळलं नाही, म्हणून सोडून दिलं.

मी सरळ १ भागिले ०.७६ केलं. आले १.३२ पार्सेक. गुणिले ३.२६, म्हणजे ४.३ प्रकाशवर्षं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ वर आहे, म्हटलं व्याधही तेवढ्याच अंतरावर असेल, उगाच का एवढा लखलखतो! पण मागे उत्तर ८.६ छापलंय. पुढच्या उपप्रश्नातही तेच: दृश्य प्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) −१.४६ धरून माझी निरपेक्ष प्रत (तारा १० पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती) २.९ येते, पुस्तकात १.४. छपाईची चूक दोनदा कशी होईल?

प्रतिसाद १

आकृती काढली नाहीत ना? मध्ये सूर्य, दोन बाजूंना पृथ्वी, वर टोकाला तारा. सहा महिन्यांत पृथ्वी कक्षेच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, म्हणजे पाया झाला २ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एकक). पार्सेक मात्र १ एककाच्या पायावर ठरवलाय: तेवढ्या पायावर पराशय १ विकला भरतो ते अंतर. म्हणून आधी ०.७६ चे निम्मे करा: ०.३८. आता भागा, २.६३ पार्सेक, ८.६ प्रकाशवर्षं.

प्रतीचंही कोडं तेच. अंतर निम्मं धरलंत, त्यामुळे ताऱ्याचं खरं तेज चौपट कमी निघालं. चौपट म्हणजे दीड प्रत. २.९ मधून वजा करून बघा.

आणि तो कंस सोडू नका, खरी गंमत तिथेच आहे. व्याध स्वतःही वर्षाला सुमारे १.३ विकला सरकतो, हीच त्याची निजगती. सहा महिन्यांत ०.६७, म्हणजे जवळपास तुमच्या आकड्याएवढंच! नुसत्या दोन मापांवरून यातलं पृथ्वीमुळे किती आणि ताऱ्याचं किती, हे सांगताच येत नाही. वर्षानुवर्षं मोजलं की निजगती सरळ पुढे जाते आणि पराशय दरवर्षी मागे-पुढे हलतो, मिळून नागमोडी रेघ उमटते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचं पराशयावरून काढलेलं अंतर जाहीर केलं. तो तारा त्याने निवडला तोच मुळी भराभर सरकतो म्हणून. एवढा सरकतोय म्हणजे जवळ असणार, हा अंदाज.

धागाकर्ता

निम्मं करायचंच राहिलं होतं! १.४ जुळलं. पण एप्रिल-ऑक्टोबरच का? जानेवारी-जुलै घेतलं तर?

प्रतिसाद २

जुलैच्या सुरुवातीला सूर्य व्याधाच्याच बाजूला असतो, तारा उजेडात बुडालेला. शिवाय त्या दोन महिन्यांत पृथ्वी ताऱ्याच्या रोखाने पुढे-मागे झालेली असते, आडवी त्या मानाने कमी. पराशय कमी भरतो.