रात्री सव्वा वाजताचा मिक्सर

(पुणे, कोथरूड. सोसायटीच्या ग्रुपवर शनिवार, ४ एप्रिल २०२० रोजी झालेलं बोलणं. लॉकडाऊनचा अकरावा दिवस. 'शुभ सकाळ'ची फुलं आणि नुसते अंगठे गाळले आहेत.)

वैशाली, ए-३०३ (स. ७.४०): काल रात्री सव्वा वाजता बी विंगमध्ये मिक्सर कोण लावत होतं? सहज विचारतेय, राग नाही. म्हणजे आहे थोडा.

मंजिरी, बी-३०३: आमच्या डोक्यावरच. बाळ जे उठलं ते साडेतीनपर्यंत खेळत होतं.

कदम काका, ए-१०२: *फॉरवर्डेड:* दर १५ मिनिटांनी गरम पाणी प्यायल्यास विषाणू घशातून पोटात जाऊन मरतो. सर्वांना पाठवा.

सुनंदाताई, बी-१०१: कदम भाऊ, असं काही होत नाही. दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायलात तर दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या तेवढ्या होतील.

निखिल, बी-४०३ (स. १०.५५): सॉरी, मीच तो. अमेरिकेचा कॉल एकला संपला, झोप येईना, म्हणून ती डालगोना कॉफी करून बघितली. हाताने फेटून फेसच येत नव्हता.

सुनंदाताई: झोप येत नाही म्हणून कॉफी?? अरे बाबा!

निखिल: ताई, सगळे स्टेटसला टाकतायत.

वैशाली: निखिल एकटा नाही हो. आमचा ओम बारा वाजता उठतो. दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला, तो कधी होणार पत्ता नाही. अभ्यास कर म्हणावं तर 'कशासाठी?' म्हणतो, आणि मला उत्तर सुचत नाही. जेवण तीनला, रात्री एकला मॅगी. मी पण बारापर्यंत कोरोनाचे आकडे बघत बसते, मग छातीत धडधडतं.

सुनंदाताई: लांबलचक लिहितेय, चालवून घ्या. ३४ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी वर्षं नाइट ड्युटी. झोप हुकमाची ताबेदार नसते, त्यामुळे दहाला झोपायचंच असं ठरवून काही होत नाही. उठायची वेळ मात्र आपल्या हातात असते. कितीही उशिरा झोपलात तरी ठरल्या वेळी उठायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत उजेडात बसायचं. दिवस सुरू झाला हे शरीराला उजेडावरनं कळतं, चहावरनं नाही. सुरुवातीला डोळे चुरचुरतील, पण मग रात्री आपोआप पेंग यायला लागते. दुपारी आडवं व्हायचं तर वीस मिनिटं, तेही गजर लावून. दुपारनंतर कॉफी नको, त्यातली निम्मी पाच-सहा तासांनीही अंगात असते. आणि आकडे दिवसातून एकदाच बघायचे, तेही दिवसाउजेडी.

निखिल: पण माझं कामच संध्याकाळी सुरू होतं.

सुनंदाताई: मग दहाला ऊठ. पण रोज दहालाच. सोमवारी नऊ, रविवारी एक, असं नको.

जोशी काका, ए-२०१ (स. ११.३०): माझी एक निराळीच गंमत झाली. दोन दिवस डोकं जड होतं. प्रेशर मोजलं तर १६०/१००. गोळ्यांचं पाकीट काढलं, ते काल संपायला हवं होतं, त्यात सहा शिल्लक. विचार केला, असं कसं झालं? तेव्हा लक्षात आलं. गेली अकरा वर्षं मी पेपर आला की चष्मा लावतो आणि चष्म्याच्या घरातली गोळी घेतो. पेपर यायचा बंद झाला, तशी गोळीही गेली.

सुनंदाताई: काका, राहिलेल्या एकदम घेऊ नका हं! आजची एकच घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा.

जोशी काका: केला. तेही हेच म्हणाले.

मंजिरी: काकांचं वाचून चमकले. आमच्याकडे मावशींची साडेसातची बेल हीच सगळ्यांची सकाळ होती. त्या येणार म्हणून भांडी घासायला निघायची, म्हणून रात्रीचं जेवण वेळेत व्हायचं, अंथरुणं उचलली जायची. त्यांचा पगार चालू आहे, पण बेल नाही. आपला सगळा दिवस दुसऱ्यांनी ठोकलेल्या खुंट्यांवर टांगलेला होता.

कदम काका: आमच्याकडे नवीन खुंटी मिळाली. दूरदर्शनवर सकाळी नऊला रामायण लागतं, त्याआधी सगळ्यांच्या आंघोळी झाल्याच पाहिजेत, हा हिचा नियम. नातू सुद्धा पावणेनऊला भांग पाडून बसतो.

वैशाली: आणि रात्री नऊच्या रामायणामुळे जेवण दहाला. 😄

कदम काका: ते खरं आहे. आजपासून आठला जेवतो.

निखिल: मला चालायला जागा पाहिजे. सेक्रेटरी, गच्चीची किल्ली?

सेक्रेटरी: गर्दी झाली की पोलीस येतील आणि सह्या मला कराव्या लागतील. एका वेळी एकच घर, अर्धा तास, नाव आधी ग्रुपवर टाकायचं. क्रिकेट नाही. पापड-कुरडया वाळत घालणाऱ्यांनी पश्चिमेचा कोपरा घ्यावा, मधे साडी पसरू नये. गेल्या वर्षीचं भांडण आठवत असेलच.

मंजिरी: आणि रात्री नऊनंतर कोरोनाचे फॉरवर्ड बंद करा, प्लीज. काल साडेअकराला आलेला तो दवाखान्याचा व्हिडिओ बघून मला झोप लागली नाही. मिक्सर नंतरचा.

सेक्रेटरी: मान्य. रात्री नऊ ते सकाळी सात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करतो. गॅस, पाणी, दवाखाना असेल तर थेट फोन.

जोशी काका: पण माझ्या गोळीचं काय? मोबाइलचा गजर वाजतो, मी बंद करतो आणि विसरतो. पेपरची पीडीएफ मुलाने पाठवली, बोटाने मोठी करता करता डोकं दुखलं.

सुनंदाताई: वैशाली, तुमची गॅलरी काकांच्या समोरच तिरकी येते ना? ओमला सांग, रोज सकाळी आठला ताट वाजवायचं. काकांनी गॅलरीत येऊन पाण्याचा पेला दाखवेपर्यंत थांबायचं नाही. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी पाचला वाजवलंच होतं की त्याने, हात बसलाय.

वैशाली: तो आठला उठणार?

सुनंदाताई: स्वतःसाठी नाही उठणार. काकांसाठी उठेल.

वैशाली (दु. १२.१०): उठलाय आत्ता. विचारलं. 'कुठलं ताट?' एवढंच म्हणाला.

*(रविवार, ५ एप्रिल)*

जोशी काका (स. ८.०३): ऐकू आलं. गोळी घेतली. पेला दाखवला.

मंजिरी: बाळही उठलं. पण आठला चालतं.

निखिल (स. ८.०५): बी विंगच्या चौथ्या मजल्यावरही ऐकू आलं. ओम, उद्यापासून जरा लहान ताट घे रे.