जपानच्या खेड्यात इंग्रजीचा मास्तर: नोकरी की पगारी भटकंती?

रिकामटेकडा
भाचीच्या डोक्यात जेट प्रोग्राम, म्हणजे परदेशी पोरांना जपानला नेणारी तिथल्या सरकारची स्कीम, शिरलाय, जपानी शाळेत एएलटी, म्हणजे तिथल्या इंग्रजी शिक्षकाची असिस्टंट. माझं मत, जाऊ नये. १९८७ पासून स्कीम चालू आहे तरी पोरं इंग्रजी बोलायचं म्हटलं की खाली बघतात, कारण एन्ट्रन्सला व्याकरण आणि वाचनच जास्त लागतं. मग ही वर्गात उभी राहून शब्द म्हणणार आणि पोरं मागून ओरडणार. जास्तीत जास्त पाच वर्षं, मग परत येऊन बायोडेटात लिहायचं काय?

शिमानेकरीण
काका, मी सध्या शिमानेत, पश्चिम जपानच्या एका ग्रामीण भागात, हेच काम करतेय. शब्द म्हणून दाखवणं हायस्कूलमध्ये होतं, नाही म्हणत नाही, पण २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झालाय आणि तिथले वर्गशिक्षक स्वतःच टेन्शनमध्ये असतात, त्यामुळे माझ्या शाळेत अख्खा तास मीच घेते. पगार २०२५ पासून पहिल्या वर्षी ४० लाख २० हजार येन, आणि गावात भाडं असतं किती हो? दुपारी पोरांबरोबरच जेवायचं, सणाला गल्लीतल्या आज्या बोलावतात. टोकियोत शेजारी कोण राहतो तेही कळत नाही म्हणतात.

बर्फातला कोल्हापूरकर
ताई, तुमचं जेट आहे म्हणून गोड वाटतंय. मी शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खाजगी कंपनीमार्फत आलोय. काम तेच, पगार कितीतरी कमी, आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून तोही कापतात! त्यात इथली, म्हणजे उत्तरेकडच्या अकिताची, थंडी वेगळीच, घराला नीट इन्सुलेशन नाही, रॉकेलच्या हीटरपुढे बसायचं नि झोपताना तो बंद करायचा. त्यात मी शाकाहारी (होय, कोल्हापूरचा असून, हसा). साध्या दिसणाऱ्या सूपातसुद्धा दाशी, म्हणजे माशाचा अर्क. डबा नेतो तर मुख्याध्यापक रोज काळजीने विचारतात, पोट बिघडलंय का.

रिकामटेकडा
बघा, मी हेच म्हणतोय.

शिमानेकरीण
हेच कुठे? त्यांचं भांडण कंपनीशी आहे, खेड्याशी नाही. भाचीने जेटलाच अर्ज करावा, कुठलं गाव मिळेल त्याची गॅरंटी नाही एवढं धरून चालावं.

बर्फातला कोल्हापूरकर
हे मान्य. आणि लायसन आत्ताच काढायला सांगा, गाडीशिवाय इथे दूधसुद्धा मिळत नाही. इंटरनॅशनल परमिट वर्षभरच चालतं, नंतर जपानी लायसन करून घ्यायचं तर भारतीय लायसन मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचं दाखवावं लागतं, वर ड्रायव्हिंग टेस्ट. मी दोनदा नापास झालोय त्यात.